चिखलातलं इमान

आमच्या भावकीत मला 'विमानवाला' म्हणतात. मी विमान कधी चालवलेलं नाही. विमानात बसलेलोही नाही. म्हणजे एकदा बसलो होतो, पण तेव्हा ते उभं होतं आणि मी आतली पायपुसणी झटकायला गेलतो. तरीही बारसं असो नाहीतर साखरपुडा, जेवणं उरकली, पानाचा डबा फिरला, की कुणीतरी म्हणायचंच, "व्हय ओ, ते चिखलातलं इमान होऊन जाऊ दे की एकदा." मी आधी नको-नको म्हणायचो. तेवढं म्हणावं लागतं. मग उठून उभा राहायचो, कारण ही गोष्ट बसून सांगताच येत नाही.

गोष्ट अशी. मुंबईहून एक छोटं विमान कोल्हापूरच्या माळावर उतरतं. पायलटला वळायचं असतं डावीकडं. मी हातात पिवळ्या बॅट घेऊन ताठ उभा, डावीकडं हात दाखवतोय. आणि हा गडी ऐटीत उजवीकडं वळतो. इथं मी दोन्ही हात पसरून स्वतःच विमान व्हायचो, बसलेल्या पाहुण्यांमधून वाट काढत जायचो आणि सतरंजीच्या कडेला नाक खुपसून रुतायचो. मग पायलट व्हायचो. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, परत घालायचा, लांब कुठंतरी बघायचं. परत काढायचा, परत पुसायचा. म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावून हसायच्या. एका मामांचा प्रश्न दर वेळी ठरलेला, "आनि मग त्येला डावं-उजवं कळंना व्हय रे?" माझं उत्तरही ठरलेलं, "कळत असतं तर इमानात कशाला बसला असता मामा? तुमच्यासारखी बैलं न्हाय राखली असती?"

आठ-नऊ वर्षं मी ही गोष्ट सांगत होतो. त्यातलं विमान खरं, चिखल खरा, चष्मा तर अगदी खरा. हात तेवढा खोटा.

विमानतळावर लागायच्या आधी मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या यार्डात अकरा हंगाम काढले. काम एकच. उसाच्या ट्रॉल्या मागं घेताना ड्रायव्हरला हात दाखवायचा. ऐकताना हे काम वाटत नाही. माझ्या सासऱ्यांनाही वाटलं नव्हतं. पण ज्यानं ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली मागं ढकलून बघितलीय त्याला विचारा. ट्रॉली उलट्या डोक्याची असते. समजा, तिचं मागचं टोक विहिरीच्या अंगाला न्यायचंय, तर स्टेअरिंग बांधाच्या अंगाला तोडावं लागतं. ड्रायव्हर बिचारा मान मागं पिरगाळून बसलेला, त्याला डोकं चालवायला सवड कुठली? म्हणून आमच्या यार्डाची रीत अशी होती, की ट्रॉली जायची तिकडं हात दाखवायचाच नाही. स्टेअरिंग फिरवायचं तिकडं दाखवायचा. ट्रॉली विहिरीकडं, हात बांधाकडं. अकरा हंगाम हेच केलं. पुढं पुढं मला विचार करावा लागायचा नाही. डोळे ट्रॉलीवर असायचे आणि हात आपला आपण उलट्या बाजूला जायचा.

मग नव्वदीच्या मधल्या वर्षांत ओळखीनं विमानतळावर चिकटलो. तिथं त्या काळात विमानांपेक्षा कुंपणाबाहेरच्या म्हशी जास्त दिसायच्या. कधी कुणा मोठ्या माणसाचं, कधी कुठल्या कंपनीचं छोटं विमान यायचं. बाकी दिवस गवत काढायचं, झाडू मारायचा, कुत्री हाकलायची. आमच्या साहेबांनी मला तीन दिवस शिकवलं आणि दोन पिवळ्या बॅट हातात दिल्या. म्हणाले, "विमान जिकडं जायला हवं तिकडचा हात आडवा धरायचा, दुसऱ्या हातानं 'ये, ये' करायचं. झालं. रेडिओवर मी सांगतोच, पण जमिनीवर आल्यावर पायलट तुझ्याकडं बघून वळतो. कळलं?" मला हसू आलं. यार्डातल्या उलट्या विद्येपुढं हे म्हणजे पोरखेळ. घरी बायकोनं विचारलं, "तिथं काय काम हाय?" मी म्हणालो, "बॅटिंग."

धावपट्टीवरून आत यायला एक रस्ता होता आणि पुढं त्याला दोन तोंडं फुटत होती. येणाऱ्या पायलटच्या डावीकडं नवी पट्टी. ती सिमेंटच्या चौकावर जायची आणि विमानं तिथं उभी राहायची. उजवीकडं जुना फाटा. तो वापरात नव्हता, आणि त्या वर्षी केबलसाठी त्याच्यावर आडवा चर खणून नुसत्या मातीनं बुजवला होता. मी दोन्हीच्या मधे, पायलटकडं तोंड करून उभा राहायचो. म्हणजे त्याचं डावं ते माझं उजवं. एवढंच ध्यानात ठेवायचं होतं, आणि दोन वर्षं मी ते ठेवलं. हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारावी असं पुढं काही येतच नाही.

त्या दिवशी सकाळी आमच्या रानात ऊसतोड आली होती. कागलच्या अलीकडं आमचं थोडं रान आहे, थोरला भाऊ बघतो. उन्हं यायच्या आत त्याचा निरोप, "ट्रॉली आत घुसंना झालीय, तू ये." गेलो. दोन दिवसांपूर्वी अवेळी पाऊस पडून गेलेला, वाट मऊ, ड्रायव्हर नवखा. एकीकडं विहीर, एकीकडं बांध, आणि मधनं ट्रॉली मागं न्यायची. दीड-दोन तास मी हात दाखवत होतो. भाऊ बांधावर उभा राहून ओरडत होता, "आरं हिरीत घालशील तिला! आरं हिरीत घालशील!" मी घातली नाही. अगदी दोरी लावल्यासारखी सरळ आत घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "मानलं तुमास्नी." तो मान मनात घोळवत, पँटला उसाचं पाचट चिकटलेलं तसंच घेऊन, मोटरसायकलवरून मी ड्युटीवर आलो.

दहाच्या सुमाराला विमान आलं. दोन पंख्यांचं, सहा-सात माणसांचं. कुठल्याशा कंपनीचे मालक आपली माणसं घेऊन बैठकीला आले होते. पायलट आमच्याकडं पहिल्यांदाच येत होता. मी तोंडाशी उभा राहिलो. विमान रस्त्यावरून हळू पुढं येऊ लागलं. मला आठवतं, मनात स्पष्ट होतं की ह्याला नव्या पट्टीवर घ्यायचंय, जुन्या फाट्याकडं जाऊ द्यायचं नाही. मी हात आडवा केला. दुसऱ्या हातानं 'ये, ये' केलं. विमान वळलं, आणि वळलं ते जुन्या फाट्यावर.

पुढचं फार पटकन झालं. पुढचं चाक चरात गेलं आणि नाक खाली झुकलं. पण झुकता झुकताच दोन्ही इंजिनं बंद झाली. पंख्याची पाती मातीपासून वीतभर वर थांबली. जरा उशीर झाला असता तर पाती वाकली असती, इंजिनं गेली असती, आणखी काय झालं असतं कोण जाणे. ह्या भागाला माझ्या गोष्टीत जागा नव्हती. शहाणा पायलट घेऊन कोण हसणार?

दार उघडलं. मालक पांढऱ्या बुटांनिशी चिखलात उतरले आणि तिथंच उभे राहून सुरू झाले. पायलट मागून उतरला. पन्नाशी ओलांडलेला, शिडशिडीत, चष्मा लावलेला. तो नागपूरकडचा आहे हे त्यानं तोंड उघडल्यावर कळलं.

"सर, हात उजवीकडे होता. मी हाताप्रमाणे वळलो."

आमचे साहेब धावत आले होते. म्हणाले, "मी रेडिओवर डावीकडं सांगितलं होतं." मग माझ्याकडं वळले. "तू कुठला हात दाखवलास?"

मी उजवा हात आडवा केला, पायलटच्या डावीकडं, नव्या पट्टीकडं. "ह्यो सायेब."

इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो, मला तसंच वाटत होतं. दोन वर्षं जो हात केला तोच आजही केला, ह्यात मला तीळभर शंका नव्हती.

पायलट माझ्या हाताकडं बघत राहिला. "पण मला तर..." म्हणाला, आणि थांबला.

मालक म्हणाले, "कॅप्टन, आधी डोळे दाखवून घ्या कुणाला तरी. तोपर्यंत माझ्या विमानाला हात लावायचा नाही." आणि ते गाडीत बसून शाहूपुरीकडं बैठकीला गेले. त्यांची माणसं मागच्या गाडीत. त्यातला एकजण जाता जाता हसला. मी पण हसलो.

विमान बाहेर काढायचं तर चाकाभोवती आधी मुरूम टाकायला हवा होता. साहेबांनी शेजारच्या वस्तीवरून मुरमाची ट्रॉली मागवली. ट्रॅक्टर आला. आता ट्रॉली जुन्या फाट्यावर मागं घ्यायची, विमानापाशी न्यायची, पण पंखाला धक्का लागू द्यायचा नाही. हे काम कुणाचं? माझंच. मी मागं जाऊन उभा राहिलो आणि हात दाखवायला लागलो. ट्रॉली सुरेख मागं येत होती.

तेवढ्यात साहेब ओरडले, "अरे, विमान इकडं आहे! तू तिकडं काय हात दाखवतोयस?"

मी काही बोलायच्या आत ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सायेब, बरोबर दावतोय त्यो. ट्रॉलीला उलटाच हात असतोय."

माझा हात आडवाच राहिला. मी त्याच्याकडं बघितलं. डावा हात, खांद्यातून ताठ. खांद्याला एक ओढ लागली होती, सकाळपासूनची, विहीर-बांध करून करून. आणि दहा वाजता विमान समोरून येत होतं तेव्हा हीच ओढ ह्याच खांद्याला होती. डाव्या. नव्या पट्टीवर घ्यायचं असं मनात होतं, म्हणून हात गेला जुन्या फाट्याकडं. मी विमान मागं घेत होतो.

"पावणं, झोपला काय?" ट्रॅक्टरवाला ओरडला. "दावा की म्होरं!"

मी दाखवलं. मुरूम पडला. साहेब माझ्याकडं क्षणभर बघत होते. त्यांना काही उमगलं की नाही, मला आजही माहीत नाही. ते म्हणाले, "चहा सांगितलाय, पायलटना नेऊन दे," आणि ऑफिसात गेले.

पायलट एकटाच बाजूला, कुंपणाजवळच्या दगडावर आमच्याकडं पाठ करून बसला होता. ट्रॅक्टरवाल्याचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी दोन कप घेऊन गेलो. मध्ये शंभरेक पावलं होती. तेवढ्यात सांगायचं ठरवता आलं असतं. मी ठरवलं असतं तर तिथं दुसरं कुणी नव्हतं, तो आणि मीच.

"बसा भाऊ," तो म्हणाला. मी बसलो. त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "एक विचारू? राग नका मानू."

"इचारा की सायेब."

"तुम्ही नक्की डावीकडेच दाखवला होता ना हात?"

"व्हय सायेब."

झालं. दोन शब्द. अकरा हंगामांत मी इतकं सरळ काही मागं घेतलं नव्हतं.

"मग मला उजवीकडे कसा काय दिसला?" हे तो मला विचारत नव्हता. "मला अजूनही दिसून राहिला तो. पिवळी बॅट, अशी सरळ, माझ्या उजवीकडे. डोळे मिटले तरी दिसते."

आणि मग मी जे बोललो ते मला कुणी सुचवलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "ह्या टायमाला उन्हं तिरपी असत्यात सायेब. डोळ्यांवर येत्यात. वयात व्हतंय असं कवा कवा."

तो मान हलवत होता. माझ्या समजूतदारपणाबद्दल त्याला बरं वाटलं असावं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. लांबच्या एका झाडाकडं बघितलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. परत चष्मा काढला, परत पुसला. म्हणाला, "दिसतं तर बरोबर आहे."

आमच्या सतरंजीवर म्हाताऱ्या पदर लावून हसायच्या त्या ह्या चष्म्याला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून दुसरा पायलट येऊन विमान घेऊन गेला. नागपूरचा पायलट आदल्या संध्याकाळीच रेल्वेनं गेला होता. जाताना त्यानं माझा हात हातात घेतला आणि "सांभाळून राहा" म्हणाला. चार दिवसांनी साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, "मी वैमानिकास डावीकडे वळण्याचा संकेत दिला." मी वाचला आणि खाली सही केली. सहीसाठी ज्या हातात पेन धरलं त्या हाताला मी काही दोष देत नाही. त्या दिवशी तरी तो मला विचारून चालला होता.

लोकांना वाटेल नोकरीच्या भीतीनं केलं. थोडी ती होतीच. मी अजून कायम झालो नव्हतो. पण खरी भीती वेगळी होती, आणि ती लिहिताना आज जास्त लाज वाटते. मला भीती होती हसण्याची. 'विमानाला ट्रॉली समजला' हे एकदा बाहेर गेलं असतं तर आमच्या भावकीनं मला मरेपर्यंत सोडलं नसतं. मामांनी तर माझ्या दिवसकार्याला सांगितलं असतं. मी आमची माणसं ओळखतो. म्हणून त्यांनी माझ्याकडं बघायच्या आत मी त्यांना दुसरा माणूस बघायला दिला. पुढच्याच बारशाला. मोठं यश मिळालं. मग थांबता येईना. दर कार्यात त्यात भर पडत गेली. पायलट आधी नुसता वळायचा, मग ऐटीत वळायला लागला, मग वळून मला सलाम करायला लागला.

पुढं मी कायम झालो. वर्षं गेली. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल, त्याच कंपनीचं विमान परत आलं. ह्या वेळी पायलट तरुण होता. मालक येईपर्यंत तो सावलीत बसला होता. मी सहज विचारतोय असं दाखवून त्या नागपूरच्या पायलटची चौकशी केली.

"ते? त्यांनी सोडलं फ्लाइंग," तो म्हणाला. "इथंच कुठंतरी विमान रुतवलं होतं ना त्यांनी? त्यानंतर तीन डॉक्टरांना डोळे दाखवले. तिघांनी सांगितलं, काही नाही, उत्तम आहेत. मेडिकल पास. मालकांनीही परत घेतलं. पण जमिनीवर विमान चालवताना ते मधेच थांबायला लागले. समोरचा माणूस हात दाखवतोय, आणि हे रेडिओवर विचारतायत, डावीकडे ना? नक्की डावीकडे ना? मागं दुसरी विमानं खोळंबलेली. लोक हसायला लागले. शेवटी स्वतःच बंद केलं."

"हवेत कसं चालवायचे?" मी विचारलं.

"हवेत? एक नंबर. हवेत कुणी हात दाखवत नाही ना."

त्यानं मला नागपूरचा नंबर लिहून दिला. मी तो पाकिटात ठेवला आणि सहा-सात महिने पाकीट खिशात ठेवलं. दर सोमवारी फोन करायचं ठरवायचो. सोमवारी काम असायचं.

मग गारगोटीला भाचीचा साखरपुडा झाला. जेवणं उरकली आणि मामा म्हणाले, "इमान होऊ दे रं." मी उठून उभा राहिलो. सवयीनं दोन्ही हात पसरले. आणि ते तसेच पसरलेले असताना खरं सांगून टाकलं. रान, ट्रॉली, विहीर, बांध, खांदा, चहा. सगळं. मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील. कुणीतरी उठून जाईल. निदान मामा शिवी तरी देतील.

ते इतके हसले की मांडववाला आत येऊन बघून गेला.

"म्हंजे तू इमानाला ट्रॉली केलीस व्हय रे!" मामांना धाप लागली होती. "आनि त्यो गडी डोळं तपासत फिरतोय! आरं, हे आधी का न्हाय सांगितलंस? हे त्येच्यापेक्षा ब्येस हाय!" थोरला भाऊ कुणाच्या तरी मांडीवर थापा मारत होता, "आनि ट्रॉली माझी बरं का! ट्रॉली माझी!" मी हात खाली घेतले. कुणीतरी म्हणालं, "परत, परत. ते खांद्याचं परत सांगा."

हसली नाही ती एकटी बायको. परतताना एस.टी.त ती खिडकीकडं बसली होती. मुदाळ तिट्टा मागं गेल्यावर म्हणाली, "हे खरं हाय?"

"हाय."

"आनि त्या मानसाला म्हाईत हाय?"

"न्हाय."

"मग आमास्नी सांगून काय मोठं केलासा?"

मी म्हणालो, "नंबर हाय माझ्याजवळ. करणारच हाय."

"कवापासनं हाय?"

मी सांगितलं. ती परत खिडकीकडं वळली. "डोळं चांगलं असून मानूस आंधळा करून ठेवलासा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी मी शाहूपुरीतल्या एका एस.टी.डी. बूथवर गेलो. घरी फोन होता, पण घरून करायची छाती झाली नाही. काय बोलायचं ते रस्त्यानं घोकलं होतं. कागदावर लिहिलंही होतं. लावला. दोनदा वाजला आणि उचलला.

"बोला."

"सायेब, कोल्हापूरवरनं बोलतोय. विमानतळावरचा. बॅटवाला."

तो म्हणाला, "अरे, बोला भाऊ! कसे आहात?"

त्या 'भाऊ'नं माझं घोकलेलं सगळं गेलं. कागद हातात होता, पण वाचता येईना. आणि इतक्या वर्षांची जी सवय जिभेला होती तीच वर आली. मी म्हणालो, "सायेब, एक गंमत सांगायची होती."

"गंमत?"

हा शब्द मला अजून टोचतो. मी म्हणालो, "गंमत न्हाय. चुकलो. त्या दिवशी तुम्ही इचारलासा, हात कुणीकडं होता. सायेब, हात तुमच्या उजवीकडंच होता. मीच चुकीचा दावला. तुमास्नी दिसला त्योच बरोबर."

पलीकडं त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली. एका बाईचा आवाज आला, "कोणाचा फोन आहे?"

"तुम्हाला कधी कळलं हे?" त्यानं विचारलं.

इथं अजून एकदा खोटं बोलता आलं असतं. आत्ता कळलं, परवा कळलं, काहीही. तो पडताळून थोडाच बघणार होता.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "मी चहा घेऊन आलो, त्येच्या आधी."

"चहाच्या आधी."

"व्हय सायेब."

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं तेव्हा..."

"व्हय."

तो रागावेल ह्याची मी तयारी केली होती. शिव्यांची तर वाटच बघत होतो. एखादी बसली असती तर बरं वाटलं असतं. पण फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. ठेवला नव्हता, नुसता टेकवला होता. आणि लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा त्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"अगं ऐकलं का? इकडे ये. गॅस बंद कर आधी. मला बरोबर दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"हात. कोल्हापूरचा. उजवीकडेच होता तो. मला बरोबर दिसलं होतं."

ती काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. मग त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. विमान कसं उतरलं, रस्त्याला दोन तोंडं कशी होती, माणूस मधे कसा उभा होता. मी कानाला फोन लावून ऐकत होतो. तो चांगलं सांगत होता. एकदाही हसला नाही, काही वाढवलं नाही. मधे मधे थांबून तेच एक वाक्य परत म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज जरा जास्त फाटत होता.

मी "सायेब," म्हणालो. परत म्हणालो. तिकडं कुणाला ऐकू गेलं नाही.

बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं. बाहेर दोघंजण थांबले होते. त्यानं दार अर्धवट उघडून आत डोकं घातलं. "पावणं, तिकडनं कोन बोलतंय तरी का न्हाय?"

"बोलत्यात," मी म्हणालो. "पर माझ्यासंगट न्हाय."